गांजाचे कायदेशीरीकरण, करआकारणी आणि मतदानाचा मार्ग : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
गांजावरील बंदी उठवून त्याची विक्री परवान्याखाली आणावी व तीवर कर बसवावा, हा निर्णय अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदारांनी मतपेटीद्वारे घेतला आहे. महाराष्ट्रातही नशेच्या वस्तूबाबत मतदान होते. मात्र ते दुकान उघडण्यासाठी नव्हे, तर बंद करण्यासाठी. 'उभी बाटली - आडवी बाटली' या नावाने ते सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात या दोन मतदानांची तुलना, गांजावरील कराचा भारतातील पूर्वेतिहास, राज्यघटना व प्रचलित कायद्याची चौकट आणि करआकारणीच्या बाजूची व विरोधातील कारणे यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गांजा, अबकारी, सार्वमत, उपक्रम, दारूबंदी, राज्यसूची, सहकार.

१. प्रस्तावना

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकर शेतात गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्जाद्वारे मागितली. कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, लागवडीचा खर्चही निघत नाही, गांजाला मात्र बाजारात चांगला भाव आहे, असे त्याचे म्हणणे होते. अर्ज पोलिसांकडे गेला आणि प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार म्हणून त्याची बोळवण झाली. वर्तमानपत्रांनीही ती बातमी काहीशी गमतीने छापली. परंतु त्या अर्जात एक गंभीर प्रश्न दडलेला होता. ज्या वस्तूला मागणी आहे, जिचे पीक दख्खनच्या मातीत येते आणि जिच्यावर एकेकाळी सरकारच कर घेत असे, तिच्यावरील बंदी कोणी घातली व ती उठवायची किंवा ठेवायची हे कोणी ठरवावे?

सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत उसाच्या किंवा मक्याच्या उभ्या पिकात गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. शेतकऱ्यास अटक होते, झाडे उपटून पंचनामा होतो आणि पुढे खटला वर्षानुवर्षे चालतो. शिरवळसारख्या महामार्गावरील औद्योगिक गावात एका बाजूला परवानाधारक मद्यविक्री चालते व तिच्यातून राज्याला महसूल मिळतो, तर दुसऱ्या बाजूला गांजाची पुडी बाळगणारा तरुण गुन्हेगार ठरतो. या विसंगतीचा विचार भावनेच्या पलीकडे जाऊन करणे, हे सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(अ) गांजावरील करआकारणीचा भारतातील पूर्वेतिहास समजून घेणे.
(ब) प्रचलित कायद्याची व राज्यघटनेची चौकट स्पष्ट करणे.
(क) मतदानाद्वारे झालेल्या कायदेशीरीकरणाचा परदेशातील अनुभव पाहणे.
(ड) महाराष्ट्रातील दारूबंदीच्या मतदानाशी त्याची तुलना करणे.
(इ) कायदेशीरीकरण व करआकारणी यांच्या बाजूचा युक्तिवाद त्याच्या मर्यादांसह मांडणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

३. संज्ञांचे स्पष्टीकरण

भांग, गांजा व चरस ही तिन्ही एकाच वनस्पतीची उत्पादने होत. पाने वाटून केली जाते ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून होतो तो गांजा आणि झाडाचा चीक म्हणजे चरस. हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रीय नाही. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या (यापुढे 'एनडीपीएस कायदा') व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांविना असलेली पाने व बिया मात्र त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळेच उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने चालतात व राज्यांना त्यांपासून उत्पन्न मिळते. एकाच झाडाच्या पानावर कर आणि फुलावर कारावास, अशी ही स्थिती आहे.

'कायदेशीरीकरण' व 'गुन्हेगारीमुक्ती' या संज्ञांमध्येही फरक करणे आवश्यक आहे. गुन्हेगारीमुक्तीत सेवन करणाऱ्यास तुरुंगात टाकले जात नाही, परंतु माल पुरवणारा बाजार बेकायदेशीरच राहतो आणि सरकारला त्यातून काहीही मिळत नाही. कायदेशीरीकरणात लागवड, साठवण व विक्री परवान्याखाली येते. कर बसविता येतो तो केवळ या दुसऱ्या स्थितीतच.

४. गांजावरील कराचा पूर्वेतिहास

गांजावर कर घेण्याची कल्पना परदेशातून आलेली नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली गांजाची लागवड, वाहतूक व विक्री यांवर सरकारी नियंत्रण होते. इलाख्यातील गांजाच्या लागवडीत तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा अग्रेसर होता.

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत या व्यापाराविरुद्ध प्रश्न उपस्थित झाल्यावर हिंदुस्थान सरकारने सात सदस्यांचा आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले व १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम नगण्य असून अतिरेकी सेवन मात्र घातक आहे आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. पुरेसा कर, परवानाधारक लागवड, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि व्यक्तीने जवळ बाळगावयाच्या प्रमाणावर मर्यादा, ही आयोगाची उपाययोजना होती. आयोगाच्या भूमिकेमागे महसुलाचे हितसंबंध नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि इतक्या मोठ्या प्रमाणावर साक्षी घेऊन या विषयाचा झालेला तो विचार आजही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

बंगालमधील नौगाव (आज बांगलादेशात) येथील पद्धत या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. तेथे ठरावीक क्षेत्रातच परवान्याने लागवड होई. माल सरकारी गोदामात जमा होई आणि किरकोळ विक्रेत्यास देताना त्यावर वजनानुसार शुल्क आकारले जाई. १९१७ मध्ये तेथील गांजा उत्पादकांनी सहकारी संस्था स्थापन केली. तिच्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने यांसारखी लोकोपयोगी कामे उभी राहिली. साखर कारखान्यांमुळे सहकाराची परंपरा लाभलेल्या सातारा-सांगली परिसरातील वाचकास हे उदाहरण निश्चितच विचार करावयास लावणारे आहे. कायदेशीर पिकाचा लाभ शेतकऱ्यास मिळणार की दलालास, हे पिकावर नव्हे तर त्याभोवतीच्या संस्थेवर अवलंबून असते, हा त्यातील बोध होय.

५. बंदीचा उगम

मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूबरोबरच गांजा व भांग यांसारख्या मादक पदार्थांवरही बंदी आणली. दारूबाबतचे धोरण पुढे सैल होत गेले, परवाने आले व महसूल वाढला. गांजाबाबत मात्र घडले ते वेगळेच. संयुक्त राष्ट्रांचा १९६१ चा अंमली पदार्थविषयक करार भारताने मान्य केला. वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांखेरीज होणारा गांजाचा वापर २५ वर्षांच्या आत बंद करावा, अशी सवलतीची मुदत त्यात होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये अंमलात आला. म्हणजेच ती मुदत डिसेंबर १९८९ मध्ये संपत होती. १९८५ चा एनडीपीएस कायदा या पार्श्वभूमीवर आला.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ही बंदी महाराष्ट्रातील वा देशातील मतदारांना विचारून आली नाही. संसदेने कायदा केला म्हणून ती वैध आहे, यात शंका नाही. परंतु ज्या समाजात गांजा शतकानुशतके औषधात, साधूंच्या चिलमीत व सणावारी भांगेच्या रूपाने वावरत होता, त्या समाजात या प्रश्नावर व्यापक जनचर्चा कधी झाली नाही, हेही तितकेच खरे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कठोर अनुसूचीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत केला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. त्यामुळे गांजावरील आंतरराष्ट्रीय नियंत्रण संपुष्टात आले नाही, मात्र त्याचे वैद्यकीय मूल्य मान्य झाले.

६. प्रचलित कायदा व त्याचा भार

एनडीपीएस कायद्याच्या कलम २० नुसार गांजाच्या झाडाची लागवड करणाऱ्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाळगण्याच्या गुन्ह्यात प्रमाणानुसार शिक्षा ठरते. १ किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' असून त्यासाठी १ वर्षापर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. २० किलोपेक्षा अधिक ते 'व्यापारी प्रमाण' होय. त्यासाठी किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणे अत्यंत अवघड होते. व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ कायद्यात आहे, परंतु ते सर्वसामान्य कुटुंबापर्यंत क्वचितच पोहोचते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के म्हणजे ३.१ कोटी व्यक्तींनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांचे सेवन केले होते. त्यांपैकी सुमारे ७२ लाख व्यक्तींना त्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज होती. याच सर्वेक्षणात मद्यसेवन करणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के म्हणजे सुमारे १६ कोटी आढळले. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. बंदी असूनही सेवन होतेच, ही पहिली. बंदी नसलेल्या मद्याचे सेवन कितीतरी पटींनी अधिक आहे, ही दुसरी. पहिली बाब कायदेशीरीकरणाच्या बाजूची असून दुसरी त्याबाबत सावध करणारी आहे. प्रामाणिक विवेचनात दोन्ही मांडल्या पाहिजेत.

७. मतपेटीतून कायदेशीरीकरण : परदेशातील अनुभव

राज्यशास्त्रात प्रत्यक्ष लोकशाहीची सार्वमत, उपक्रम व प्रत्यावाहन ही साधने सांगितली जातात. यांपैकी 'उपक्रम' म्हणजे ठरावीक संख्येने सह्या गोळा करून नागरिकांनी स्वतःच कायद्याचा मसुदा मतदानास ठेवणे. अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत हा अधिकार आहे.

कॅलिफोर्नियात २०१० मध्ये गांजाच्या कायदेशीरीकरणाचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांत मात्र सुमारे ५५ टक्के मतांनी तो संमत झाला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियानेही कौल बदलला. न्यूझीलंडमध्ये २०२० साली देशव्यापी सार्वमतात ५०.७ टक्के मते विरोधात व ४८.४ टक्के बाजूने पडली आणि सरकारने तो प्रश्न बाजूस ठेवला. फ्लोरिडात २०२४ मध्ये सुमारे ५६ टक्के मतदार बाजूने असूनही आवश्यक ६० टक्क्यांची अट पूर्ण न झाल्याने प्रस्ताव पडला. याउलट उरुग्वे (२०१३), कॅनडा (२०१८) व जर्मनी (२०२४) या देशांत हा बदल सार्वमताने नव्हे, तर संसदेच्या कायद्याने झाला. जर्मनीत तर खुल्या दुकानांतील विक्रीस परवानगी नाही.

यावरून मतदान म्हणजे कायदेशीरीकरणाची हमी नव्हे, हे स्पष्ट होते. मतदार नाकारतात, पुन्हा विचार करतात, काही वेळा स्वीकारतात. मतदानाचा खरा लाभ निकालात नसून प्रक्रियेत आहे. प्रस्ताव छापील स्वरूपात प्रत्येकापुढे येतो. कर किती, पैसा कोठे जाणार, वयोमर्यादा कोणती, हे आधीच सांगावे लागते. कोलोरॅडोच्या प्रस्तावात घाऊक विक्रीवरील कराचे पहिले ४ कोटी डॉलर दरवर्षी सार्वजनिक शाळांच्या बांधकामासाठी राखून ठेवण्याची तरतूद होती. म्हणजेच मतदारांनी केवळ 'गांजा हवा की नको' एवढेच ठरविले नाही, तर त्या पैशाचे काय करायचे हेही ठरविले.

८. करआकारणीचे अर्थकारण

करआकारणीचे गणित वाटते तितके सोपे नाही. कर फार कमी ठेवला तर वस्तू स्वस्त होऊन सेवन वाढते. फार जास्त ठेवला तर ग्राहक बेकायदेशीर विक्रेत्याकडेच राहतो. कॅलिफोर्नियात कर व परवाना खर्चाच्या ओझ्यामुळे बेकायदेशीर बाजार टिकून राहिला. अखेर जुलै २०२२ मध्ये तेथील लागवडीवरील कर रद्द करावा लागला. वॉशिंग्टन राज्याने प्रारंभी उत्पादक, प्रक्रियादार व विक्रेता अशा तीन टप्प्यांवर २५ टक्के कर आकारला. २०१५ मध्ये त्याऐवजी किरकोळ विक्रीवर ३७ टक्के असा एकच कर आला. कॅनडाने वजनाचा आधार घेत प्रतिग्रॅम १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते शुल्क ठरविले.

महसूल कायम वाढतच जातो, असेही नाही. कोलोरॅडोचे या मार्गाने मिळणारे वार्षिक उत्पन्न २०२१ मध्ये सुमारे ४२ कोटी डॉलरपर्यंत पोहोचले. त्यानंतर शेजारील राज्यांतही विक्री सुरू झाली, भाव घसरले आणि उत्पन्न उतरले. 'गांजावर कर लावा आणि राज्याची तिजोरी भरा' हा युक्तिवाद म्हणूनच अर्धवट ठरतो. करआकारणीचे खरे समर्थन तिजोरीसाठी नसून नियंत्रणासाठी आहे. ज्या वस्तूवर कर बसतो तिची नोंद होते, तपासणी होते, तीत काय मिसळले आहे हे कळते आणि विक्रेता ग्राहकाचे वय विचारण्यास बांधील होतो. बेकायदेशीर विक्रेता यांपैकी काहीही करत नाही.

शेतीच्या नियंत्रणाबाबत देशातच एक नमुना उपलब्ध आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील अधिसूचित भागांत अफूची लागवड केंद्र सरकारच्या परवान्याने होते. क्षेत्र ठरवून दिलेले असते, मोजणी होते आणि अफू सरकारलाच द्यावी लागते. या पद्धतीतही चोरटी विक्री संपूर्ण थांबलेली नाही. तरीही तेथील शेतकरी परवानाधारक उत्पादक आहे, फरार आरोपी नव्हे, हा फरक लहान नाही.

९. घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीनुसार मानवी सेवनासाठीच्या मद्याबरोबरच अफू, 'इंडियन हेम्प' म्हणजे भांग-गांजाची वनस्पती व अन्य अंमली पदार्थ यांवर उत्पादन शुल्क बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजेच घटनाकारांनी गांजा ही करपात्र वस्तू म्हणून गृहीत धरली होती. वस्तू व सेवा कराच्या व्याख्येतून घटनेने मानवी सेवनाचे मद्य वगळले असले तरी गांजा वगळलेला नाही. त्यामुळे विक्री कायदेशीर झाल्यास राज्याचे शुल्क व वस्तू व सेवा कर यांचा मेळ घालावा लागेल.

एनडीपीएस कायद्याचे कलम १० राज्य सरकारांना गांजाच्या (चरस वगळून) लागवडीबाबत व विक्रीबाबत नियम करण्याचा अधिकार देते. तथापि कलम ८ मुळे हा अधिकार वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांपुरता सीमित होतो. कलम १४ औद्योगिक व फलोत्पादनविषयक प्रयोजनासाठी लागवडीची वाट मोकळी ठेवते. तिचाच उपयोग करून उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी मादकतेच्या औद्योगिक हेम्पच्या लागवडीस परवाने देण्यास प्रारंभ केला. हिमाचल प्रदेश विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय व औद्योगिक वापरासाठीच्या लागवडीस अनुकूल ठराव केला. गोव्यात मात्र डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीचा प्रस्ताव पुढे येताच एवढा विरोध झाला, की तो तेथेच थांबला. करमणुकीसाठीच्या सेवनाला परवानगी देणे हे कोणत्याही एका राज्याच्या हाती नाही. त्यासाठी संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली पाहिजे.

घटनेच्या अनुच्छेद ४७ चाही विचार करावा लागतो. मादक पेये व आरोग्यास अपायकारक अंमली द्रव्ये यांच्या सेवनावर, औषधी प्रयोजने वगळून, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते मार्गदर्शक तत्त्व सांगते. मद्याच्या बाबतीत हे तत्त्व असूनही बहुतांश राज्यांनी परवाना व कराचा मार्ग स्वीकारला आहे. तोच न्याय गांजास लावता येईल किंवा नाही, हा वादाचा विषय आहे. मात्र मद्यास एक न्याय व गांजास दुसरा, यामागील कारण स्पष्टपणे मांडले गेले पाहिजे.

१०. महाराष्ट्रातील मतदान : आडवी बाटली

भारतात उपक्रम वा सार्वमताची सर्वसाधारण घटनात्मक तरतूद नाही. तरीही मराठी समाजाला मतदानाने थेट निर्णय घेण्याचा अनुभव नाही, असे नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीवमध्ये संसदेने केलेल्या खास कायद्यान्वये जनमत कौल घेण्यात आला. 'फूल' म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण व 'दोन पाने' म्हणजे संघप्रदेश, अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ व फुलाला १,३८,१७० मते मिळाली. संसदेने मनात आणल्यास विशिष्ट प्रश्नावर जनतेचा थेट कौल घेता येतो व तो शांततेने स्वीकारलाही जातो, याचे हे उदाहरण होय.

दुसरा अनुभव दारूबंदीचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मद्यविक्रीचे दुकान बंद करण्याबाबत गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा व आडवी बाटली म्हणजे बंद करा. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातील दारूबंदी चळवळीने हा मार्ग अवलंबिला. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही समजेल अशी ही मतपत्रिका भारतीय लोकशाहीतील एक लक्षणीय प्रयोग आहे.

मात्र या पद्धतीतील अट कठोर आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या गावात २,००० महिला मतदार आहेत. त्यांपैकी १,२०० जणी मतदानास आल्या व ९०० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. झालेल्या मतदानात हे प्रमाण ७५ टक्के आहे. तरीही एकूण मतदारांच्या ते ४५ टक्केच असल्याने दुकान चालूच राहील. मजुरीस गेलेली, माहेरी गेलेली, दबावामुळे घरी बसलेली प्रत्येक स्त्री जणू उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

याउलट बंद झालेले उघडण्यासाठी मतदानाची गरज भासत नाही, असेही दिसून आले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली दारूबंदी मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठविण्यात आली. बंद करायचे तर निम्म्याहून अधिक मतदारांनी घराबाहेर पडावे, उघडायचे तर एक शासकीय निर्णय पुरावा, ही विषमता गांजाच्या चर्चेत विसरून चालणार नाही.

११. विरोधाचा विचार

कायदेशीरीकरणास सर्वांत सबळ विरोध नैतिक उपदेशकांचा नसून आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या स्त्रियांचा असणार आहे. 'परवानाधारक' व 'करपात्र' या शब्दांचा अर्थ त्यांनी घरात अनुभवलेला आहे. दुकान कायदेशीर झाल्याने नवऱ्याचे व्यसन सुटले नाही आणि शासनाचा महसूल त्यांच्या चुलीपर्यंत आला नाही. त्यांच्या विरोधाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे. किशोरवयात व वारंवार केलेल्या सेवनाचा स्मरणशक्तीवर व शिक्षणावर अनिष्ट परिणाम होतो. काही व्यक्तींमध्ये तीव्र मानसिक आजाराचा धोका वाढतो. मादक अंमलाखाली वाहन चालविण्याचा धोका महामार्गालगतच्या गावांना अधिक जाणवेल. थायलंडने २०२२ मध्ये पुरेशा नियमांविना गांजा खुला केला. २०२५ मध्ये त्याला पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली. आधी दुकाने व मग नियम, हा क्रम अंगाशी येतो, हे त्यावरून दिसते.

परंतु या आक्षेपांतून बंदीचे समर्थन आपोआप सिद्ध होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही तो पानटपरीवर मिळतो, हे सर्वांस ठाऊक आहे. बंदीमुळे किशोरवयीन मुलाला गांजा मिळणे थांबत नसेल, तर बंदी त्याचे संरक्षण करीत नाही. पकडला गेल्यास मात्र त्याची नोकरी, पारपत्र व भवितव्य धोक्यात येते. नशेने होणारी हानी आणि कायद्याने होणारी हानी, या दोहोंची तुलना केल्याशिवाय धोरण ठरविता येत नाही.

१२. निष्कर्ष

१) गांजावर कर ही भारतात नवी कल्पना नसून राज्यघटनेच्या राज्यसूचीतही तिला स्थान आहे.
२) आजची बंदी प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय करार व केंद्रीय कायद्यातून आली असून ती उठविण्याचा अधिकार राज्यांच्या मतदारांकडे थेट नाही.
३) करआकारणीचे समर्थन महसुलापेक्षा नियंत्रणाच्या आधारे अधिक टिकते.
४) परदेशात मतदानाने निर्णय दोन्ही बाजूंनी गेले आहेत. मतदानाचे मूल्य निर्णयाआधी होणाऱ्या खुल्या चर्चेत आहे.
५) महाराष्ट्रातील दारूबंदीच्या मतदानात बंद करणाऱ्यांवर जो भार टाकला आहे, तो उघडणाऱ्यांवर नाही.

१३. शिफारशी

पहिल्या टप्प्यात अल्प प्रमाण बाळगणाऱ्यास कारावासाऐवजी समुपदेशन व उपचाराकडे वळवावे. दुसऱ्या टप्प्यात औषधी व औद्योगिक लागवडीस राज्याने परवाने द्यावेत आणि खरेदी व साठवण उत्पादकांच्या सहकारी संस्थेमार्फत व्हावी. तिसऱ्या टप्प्यात, संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना मुभा दिल्यास, किरकोळ विक्रीचा निर्णय शासकीय आदेशाने न घेता गाव वा प्रभाग पातळीवरील गुप्त मतदानाने घ्यावा. उघडण्यासाठी व बंद करण्यासाठी समान अट असावी. महाराष्ट्रात मद्यासाठी असलेली २५ वर्षांची वयोमर्यादा येथेही ठेवावी. कराचा ठरावीक हिस्सा त्याच गावातील व्यसनमुक्ती केंद्र व शाळा यांसाठी राखून ठेवावा आणि हे सर्व मतदानापूर्वी छापील स्वरूपात मतदारांपुढे ठेवावे.

१४. समारोप

गांजा चांगला की वाईट, हा प्रश्न मतपेटी सोडवू शकत नाही. तो वैद्यकशास्त्राचा व प्रत्येक कुटुंबाच्या अनुभवाचा विषय आहे. गांजाबाबत काय करायचे, हे मात्र लोकांनी ठरवावयाचे आहे. सोलापूरच्या शेतकऱ्याचा अर्ज व जावळीच्या स्त्रियांचा शिक्का एकमेकांविरुद्ध वाटतात. प्रत्यक्षात दोघांची मागणी एकच आहे : आपल्या शेतात व आपल्या गावात काय असावे, हे आपल्यालाही विचारले जावे. जो कायदा आडवी बाटली मान्य करतो, त्याने मतदारांच्या विवेकावर विश्वास ठेवलेला आहे. तोच विश्वास दुसऱ्या प्रश्नावरही ठेवता येईल का, याचा विचार विधिमंडळाआधी महाविद्यालयांतून सुरू व्हावयास हवा.